पावसाळ्यातली कोरडी हवा

1 जूनला मासेमारी बंद होते आणि 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत. त्याच्या आधीच, मे संपता संपता, पालघर जिल्ह्यातल्या झाई, बोर्डी, धाकटी डहाणू, चिंचणी या पट्ट्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि डागडुजीला सुरुवात होते. माझं एरवीचं काम तलासरीजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत, ट्रकच्या केबिनी आणि टेम्पो यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं. पण या दिवसांत आम्ही कॉम्प्रेसर टेम्पोत चढवतो आणि किनारा गाठतो. लाकडाच्या बोटी अजून आहेत, तरी फायबरच्या बोटी आता पुष्कळ झाल्या आहेत, आणि फायबरची बोट म्हटली की घासकाम आलंच. तडा गेलेली जागा कडेपर्यंत उतरती घासायची, तिथे मॅट आणि रेझिन बसवायचं, ते वाळलं की पुन्हा घासून बोटीच्या मूळ अंगाशी एकजीव करायचं. घासणी नीट झाली नाही तर वरचा थर धरत नाही आणि पहिल्या उधाणात सुटतो. बोटीवर पाच-सात माणसं असतात, म्हणून या कामाला मी ट्रकपेक्षा जास्त जपतो.

हे काम विजेच्या सँडरनेही होतं. कारखान्यात, कोरड्या फरशीवर, चांगली अर्थिंग असेल तर तो चालेलही. किनाऱ्यावर मात्र पायाखाली ओली वाळू, अंगावर घाम, हवेत खार, आणि लांबून आणलेलं एक्स्टेन्शन वाळूत पडलेलं. अशा ठिकाणी वीज हातात धरायची नाही, हा माझा पक्का नियम आहे. हवेवरच्या सँडरमध्ये विजेची मोटर नसते. दाबलेली हवा आतल्या छोट्या पात्यांना फिरवते आणि त्यावर पॅड फिरतं. वीज लागते ती कॉम्प्रेसरला, आणि तो वर, रस्त्याकडच्या उंच कोरड्या जागेवर, शेडखाली उभा असतो. खाली बोटीपर्यंत येते ती फक्त हवा. शिवाय हे मशीन हलकं असतं, तापत नाही, आणि ताण आला तरी जळत नाही, नुसतं मंदावतं.

हे मंदावणंच नव्या पोरांना कळत नाही. घासता घासता पॅडचा वेग उतरतो, मग पोरगा मशीनवर जोर देतो, मग ते आणखी मंदावतं, आणि मला हाक येते, "उस्ताद, मशीन दमलं." मशीनला काही झालेलं नसतं. त्याला हवा पुरत नसते.

हवेचा हिशोब आमच्या धंद्यात फार कमी लोक करतात. सगळे दाबाचं बोलतात, कारण टायरमुळे 'इतके पाउंड हवा' हे सगळ्यांच्या तोंडी आहे. सँडरला साधारण 90 पाउंड दाब लागतो, आणि तेवढा तर पंक्चरवाल्याची टाकीही देते. एका नाखव्याने मला विचारलंही होतं, "भाऊ, एवढा मोठा कॉम्प्रेसर कशाला ओढत आणता? नाक्यावरच्या पंक्चरवाल्याची टाकी मागून घेऊ की." त्याला मी सांगितलं की टायर भरला की काम संपतं, पण सँडर सकाळपासून संध्याकाळपर्यंत हवा खातो. सहा इंची पॅडचा सँडर सलग चालवला तर मिनिटाला दहा ते पंधरा घनफूट हवा सहज लागते, काही मॉडेलना त्याहूनही जास्त. मशीनच्या खोक्यावर कधी कधी फार लहान आकडा लिहिलेला असतो. तो थांबत थांबत वापरल्यावरची सरासरी म्हणून असतो, आणि घासकाम थांबत थांबत होत नाही. कॉम्प्रेसरच्या पाटीवरचा आकडाही तसाच पारखून घ्यावा लागतो. तो बहुधा पिस्टन किती हवा ओढतो त्याचा असतो. टाकीतून प्रत्यक्ष मिळते ती कमी. ढोबळ हिशोबाने एका एचपीला तीन-चार घनफूट धरावेत. म्हणजे दोन एचपीच्या कॉम्प्रेसरवर हा सँडर चालणार नाही. एका सँडरला पाच एचपी असला तर काम नीट होतं आणि कॉम्प्रेसरलाही मधे मधे थांबायला सवड मिळते. सतत धडधडणारा कॉम्प्रेसर तापतो, आणि तापलेल्या हवेत पाण्याची वाफ जास्त पुढे जाते. ते पाणी हीच या किनाऱ्यावरची खरी अडचण आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

त्याआधी पाइप. दोन सुती, म्हणजे पाव इंची, पाइप स्वस्त असतो, म्हणून तोच सगळीकडे दिसतो. टाकीवरचा काटा 120 दाखवत असतो आणि पन्नास-साठ फुटांच्या दोन सुती पाइपच्या दुसऱ्या टोकाला निम्मा दाबही पोचत नाही. मी तीन सुतीपेक्षा बारीक पाइप सँडरला लावत नाही. अंतर लांब असेल तर आधी अर्धा इंची लाइन आणि शेवटी थोडाच तीन सुती. कपलिंगही तितक्याच मोकळ्या भोकाचं हवं. आणि दाब मोजायचा तो सँडरच्या तोंडाशी, लिव्हर दाबून, मशीन चालू असताना. नुसतं लटकवून ठेवलेल्या मशीनवर काटा पाहिला तर तो सगळ्यांनाच खूश करतो. लिव्हर दाबल्यावर काटा 90 वर उभा राहिला पाहिजे. त्याहून वर नेण्यातही शहाणपण नाही, कारण पॅड ठरलेल्या वेगाच्या पुढे जातं. मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्या घेणारं पॅड कडेने चिरलेलं असेल तर त्याचा तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही.

आता पाणी. जूनमध्ये डहाणूच्या किनाऱ्यावर 30 अंशांच्या आसपास तापमान आणि नव्वद टक्के दमटपणा म्हणजे रोजचीच गोष्ट. अशा एका घनमीटर हवेत सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. कॉम्प्रेसर ती हवा आठव्या हिश्श्यात कोंबतो. हवा दाबता येते, वाफ त्या प्रमाणात मावत नाही. टाकीत हवा थंड झाली की बहुतेक पाणी बाहेर पडतं. मिनिटाला दहा घनफूट हवा घेणाऱ्या कॉम्प्रेसरचा हिशोब मी मांडून पाहिला आहे: तासाला चारशे ग्रॅमच्या जवळपास. पाच तास काम चाललं तर दोन लिटर पाणी. जानेवारीत महामार्गावरच्या गॅरेजमध्ये हाच आकडा कितीतरी खाली येतो, म्हणून हिवाळ्यात शिकलेल्या पोराला पावसाळ्यात किनाऱ्यावर नव्याने शिकवावं लागतं.

टाकीच्या पोटाखाली एक छोटा कॉक असतो. बऱ्याच ठिकाणी तो गंजून घट्ट झालेला पाहिलाय, म्हणजे कुणी तो वर्षानुवर्षं उघडलेलाच नाही. आमच्याकडे दर दोन तासांनी तो किंचित उघडतात. आधी फुस्स आवाज, मग तपकिरी पाणी जोरात जमिनीवर आपटतं, त्यात गंजाची बारीक पूड असते. ते पांढरट होत जातं, आणि कोरडी हवा आली की कॉक बंद. त्या पाण्याचा रंग मी पोरांना मुद्दाम बघायला लावतो. तो रंग टाकीच्या पत्र्यातून आलेला असतो. पाणी साचून राहिलं की टाकी आतून, तळाकडून खाल्ली जाते, वरून रंग तसाच चकचकीत. अशी पातळ झालेली टाकी दाबाखाली फाटते तेव्हा जवळचा माणूस वाचणं कठीण. दाबपात्राची तपासणी करण्याचं बंधन कारखान्यांच्या कायद्यात आहे, पण महामार्गावरची दोन-तीन माणसांची गॅरेजं त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. तिथे तपासणारा आपणच. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी अधूनमधून ओढून तो सुटतोय ना हे बघायचं, आणि गळतो म्हणून त्याच्या जागी बोल्ट ठोकलेला दिसला तर त्या कॉम्प्रेसरजवळ थांबायचंच नाही.

टाकीतून निसटलेलं पाणी पाइपातून सँडरमध्ये जातं, पाती गंजतात, आणि मशीनच्या मागून घासलेल्या जागेवर थेंब उडतात. ओल्या फायबरवर रेझिन धरत नाही. म्हणून टाकीनंतर लगेच नव्हे, तर हवा थोडी थंड व्हायला वाव देऊन, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावायचा. त्याची काचेसारखी वाटी भरत आली की रिकामी करायची. गॅरेजमध्ये लोखंडी लाइन थोडी उतरती ठेवली आहे आणि प्रत्येक फाटा लाइनच्या वरच्या बाजूने काढला आहे, म्हणजे तळाशी वाहणारं पाणी फाट्यात उतरत नाही.

सँडरला तेलही लागतं. सकाळी सुरू करण्याआधी हवेच्या तोंडात न्यूमॅटिक तेलाचे चार-पाच थेंब, आणि संध्याकाळी पुन्हा तितकेच, मग क्षणभर चालवून ठेवायचं. इंजिन ऑइल नको, ते दाट असतं आणि पाती चिकटतात. पण ज्या पाइपातून तेलाची हवा गेली तो पाइप रंगाच्या गनला कधीही लावायचा नाही. तेलाचा अंश रंगात आला की रंग ठिकठिकाणी मागे सरतो आणि गोल खळगे पडतात. मग सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे सँडरचा पाइप लाल, गनचा निळा, आणि त्यात अदलाबदल नाही.

चालवण्याची रीत सांगायला सोपी आहे. पॅड आधी पृष्ठभागावर सपाट टेकवायचं आणि मग लिव्हर दाबायची. हवेत सुरू करून खाली टेकवलं तर पहिल्या झटक्यात चंद्रकोरीसारखा खड्डा पडतो. मशीनच्या वजनाइतकाच भार पुरतो. कडेवर उभं धरून घासायचं नाही. लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेल्या जागेवर 80 नंबरचा कागद, मग 120, 180, सरफेसर मारण्याआधी 240 किंवा 320, आणि मधला नंबर गाळायचा नाही, कारण 80 चे ओरखडे रंगाखालून महिन्याने वर येतात. कागद बदलताना आधी पाइप काढायचा. हे एक वाक्य मी इतक्या वेळा म्हणतो की पोरं माझ्याआधी म्हणून टाकतात. लिव्हर ही नुसत्या अंगठ्याने दबणारी गोष्ट आहे, कागद सोलताना तळहात नेमका तिच्यावरच असतो. गळ्यातला ताईत, मनगटाचा धागा, कमरेला गुंडाळलेला गमछा, सगळं आधी उतरवायचं. कानात बोळे घालायचे. फायबरच्या पोकळ बोटीत शिरून घासताना आवाज दुप्पट होतो. तास-दीड तासाने हात बदलायचा, माणूस बदलायचा. थरथर रोज सोसली तर बोटांतलं रक्त कमी होतं, ती पांढरी पडतात, मुंग्या येतात, आणि हे दुखणं एकदा लागलं की बरंच मागे लागतं.

आमच्या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसू लागले. 2019 च्या सुरुवातीला लोक थंडीत घराबाहेर तंबूत झोपत होते. तेव्हापासून गॅरेजमधला कॉम्प्रेसर रबरी गादीवर बोल्टने बसवला आहे, आणि गॅसचे सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेले असतात. पाइपाच्या जोडांना बारीक तारेची वेढणी आहे, कारण दाबाखाली सुटलेला पाइप फटके मारत फिरतो.

दाबलेल्या हवेशी खेळ नाही, हे मला वेगळं सांगावंसं वाटतं. संध्याकाळी अंगावरची धूळ झाडायला पाइप अंगावर धरायची सवय जवळजवळ प्रत्येक गॅरेजात आहे. ती हवा जखमेतून कातडीखाली शिरते, डोळ्यात कण घुसवते, कानाचा पडदा फाडते. आणि गमतीत कुणाच्या पार्श्वभागाशी पाइप लावल्याने आतडी फाटून कामगार दगावल्याच्या बातम्या आपल्या देशात पुन्हा पुन्हा येतात. मेलेला बहुतेकदा नवा, लहान वयाचा असतो. आमच्याकडे पाइप माणसाकडे वळवला तर त्या दिवसाचं काम तिथेच थांबतं.

राहिली धूळ. तिच्याबद्दल मला सर्वात जास्त बोलायचं आहे.

माझ्याकडे येणारी पोरं तलासरी, उधवा, झरी, कासा या बाजूच्या पाड्यांवरची, बहुतेक वारली, काही कोकणा, काही दुबळा. 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरला आणि कारखान्यांवर मर्यादा आली. त्याने इथलं झाड-पाणी वाचलं आणि मला त्याचा आनंद आहे. पण रोजगारासाठी ही पोरं सीमेपलीकडे उंबरगाव-वापीला जातात, नाहीतर महामार्गावर आमच्यासारख्यांकडे. त्यांना वीस वर्षांनी खोकला लागेल तेव्हा डॉक्टर विचारणार नाही की तू तरुणपणी काय घासत होतास. मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर-झाबुआचे आदिवासी मजूर गुजरातेत गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत काम करून आले आणि सिलिकोसिसने, म्हणजे त्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराने, गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. हा आजार क्षयासारखा दिसतो, आणि क्षयाची औषधं त्यावर चालत नाहीत. आमची धूळ गारगोटीची नाही. पण ती निर्धोकही नाही.

जुन्या ट्रकचा पिवळा, नारिंगी रंग घासताना त्यात शिशाचं रंगद्रव्य असण्याची पुरती शक्यता असते. शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घालणारे नियम 2016 मध्ये आले आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले, पण ते घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी. वाहनांचे रंग त्यात नाहीत. फायबरची धूळ अंगाला लागली की खाज सुटते, तेव्हा चोळायचं नाही, आधी थंड पाण्याने धुवायचं. काही बोटींच्या तळाला शेवाळ आणि शंख-शिंपले धरू नयेत म्हणून तांब्याचा रंग लावलेला असतो. कथिलाचं विष असलेले तसे रंग 2008 पासून जगभर बंद आहेत, तांब्याचे चालू आहेत. त्या तळाला मी सँडर लावत नाही. पाणी लावून हाताने घासतो, खाली ताडपत्री अंथरतो, आणि खरवड गोळा करून उचलतो. त्याच चिखलात ओहोटीला बायका शिंपल्या वेचायला येतात. ती खरवड तिथे सोडणं म्हणजे त्यांच्या टोपलीत टाकणं.

तोंडाला बांधलेला रुमाल ही निव्वळ मनाची समजूत आहे. बारीक धूळ त्यातून सरळ आत जाते. एन-95 मास्क हवा, नाकाशी पट्टी दाबून बसवलेला, आणि दमट दिवसांत तो घामाने भिजतो म्हणून दुपारी बदललेला. रंग मारताना वेगळा, कार्बनच्या डब्यांचा मास्क. थिनरचा वास एन-95 अडवत नाही. पिशवी लावायची सोय असलेला सँडर थोडा महाग पडतो, तरी तोच घ्यावा. कामाचे कपडे गॅरेजातच धुतले जातात, घरी जात नाहीत, कारण पाड्यावर बाप आल्या आल्या पोरं त्याच्या अंगाला बिलगतात. यावरून माझे गिऱ्हाइकांशी वादही झाले आहेत. धूळ बसू देऊन, ओल्या फडक्याने पुसून काम करायचं तर गाडी अर्धा दिवस उशिरा निघते. तो अर्धा दिवस मी दरात धरतो आणि तसं सांगून धरतो.

30 ऑगस्ट 2024 ला पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची त्याबद्दलची भीती मी दर मोसमात ऐकतो आणि ती मला खरी वाटते. पण बंदराच्या निमित्ताने स्थानिक तरुणांना कौशल्य शिकवण्याची भाषाही कानावर येते, आणि ते शिकवणारे जे कुणी असतील त्यांच्यापुढे माझं एक मागणं आहे. पहिले काही दिवस सँडर कपाटात राहू द्यावा. टाकीचं पाणी काढणं, लिव्हर दाबून दाब वाचणं, पाइपाचं भोक ओळखणं, मास्क नाकाशी बसला की नाही हे फुंकर मारून पाहणं, एवढं हाताला आलं की मग पॅड हातात द्यावं. प्रत्येक पोराची छाती आणि फुंकण्याची ताकद कामाला लागण्याआधी एकदा आणि पुढे दर वर्षी तपासून घ्यावी, निकालाचा कागद त्याच्याकडे द्यावा, आणि त्या कागदावर तो काय घासतो ते स्पष्ट मराठीत लिहावं. तपासणीचा खर्च काम देणाऱ्याचा. माझ्याकडच्या पोरांचा मी करतो, आणि तो एका सहा इंची सँडरच्या किमतीपुढे फार नाही.